कोहळ्याच्या जिवावर अधिवेशन

ख्रिस्ती पंथाचं राष्ट्रीय अधिवेशन आपल्या गावी भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीत प्रार्थना होते, दुसऱ्या बैठकीत समित्या नेमल्या जातात आणि तिसऱ्या बैठकीला खजिनदाराची तब्येत बिघडते. वर्ध्याच्या आमच्या मंडळीत हा क्रम चुकलेला मी तरी पाहिला नाही. स्वागत समितीत सगळ्यांनाच जायचं असतं, कारण तिथं हार आणि फोटो असतात. उपासना समिती गाणाऱ्यांनी आधीच वाटून घेतलेली असते. अर्थ समितीत मात्र गैरहजर माणसाला निवडायची पद्धत आहे. त्या रविवारी मी साळीच्या लग्नाला हिंगणघाटला गेलो होतो. परत आलो तो अर्थ समितीचा सदस्य होऊन.

बाहेरच्यांना वाटतं, अशा अधिवेशनांत माणसं धर्मशास्त्रावरून भांडत असतील. छे! धर्मशास्त्राचं भांडण मिटतं. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. म्हणजे ज्यांनी पहिल्या बैठकीचा चहा घेतला, त्यातले कितीतरी जण शेवटच्या बैठकीपर्यंत देवाघरी पोचले होते. अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रेदरन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश वळणाचे मेथडिस्ट होते. शिवाय प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळींनी आधीच एकत्र येऊन केलेलं एक चर्च होतं. अमेरिकन वळणाचे मेथडिस्टही येणार होते. पण मांडव घातला, पत्रिका वाटल्या आणि घरचाच मोठा सोयरा ऐन वेळी रुसून बसला, तसं झालं. ऑगस्ट १९७० मध्ये त्यांनी ‘आम्ही येत नाही’ असं कळवलं. तरी कार्य पार पडलं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, या प्रश्नावर युरोपात शतकानुशतकं माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. इथं तोडगा निघाला, दोन्ही चालेल! इतका सरळ निकाल आमच्या भोजन समितीला वांग्याच्या भाजीत बटाटा घालावा की नाही, यावर देता आलेला नाही.

पण खरं ठाण मांडून बसलेलं दुखणं म्हणजे प्रवासभत्ता. नियम साधा आहे: प्रतिनिधीला स्लीपरचं भाडं मिळेल. नियम झाल्याबरोबर कळतं की देशातल्या एकाही प्रतिनिधीला स्लीपरमध्ये झोप लागत नाही. एकाची कंबर, एकाचं मधुमेहाचं औषध, एकाला तत्काळशिवाय मिळालंच नाही. एका वडीलधाऱ्यांनी तर टॅक्सीचं बिल जोडलं आणि खाली लिहिलं, ‘प्रभूच्या कार्यासाठी’. आमचे खजिनदार मामा सेवानिवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी बिलावर शेरा मारला, ‘प्रभू गाढवावरून आला होता.’ पाळकसाहेबांनी तो शेरा खोडायला लावला, पण वचन बरोबर आहे हे कबूल केलं.

त्यात वर्ध्याची रेल्वे. परक्या माणसाला फसवण्यासाठीच जणू आमच्या गावाला दोन स्टेशनं दिली आहेत. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या वर्धा जंक्शनला येतात, दिल्ली-चेन्नईच्या गाड्या बहुतेक सेवाग्रामला थांबून पुढं जातात. हे सेवाग्राम म्हणजे पूर्वीचं वर्धा पूर्व. तामिळनाडूचा प्रतिनिधी एका स्टेशनवर उभा आणि त्याच्या नावाची पाटी धरलेला आमचा तरुण संघ दुसऱ्या स्टेशनवर, हे अगदी ठरलेलं. म्हणून स्वागत समितीचे दोन भाग करावे लागतात, ऑटोही दुप्पट लागतात. मग सल्लामसलतीला बसलेला कुणीतरी विचारतो, ‘ऑटोचा खर्च एवढा काहून जी?’ भूगोलामुळं, बाप्पा!

आमच्या गावाची आणखी एक अडचण आहे. हे गाव काटकसरीसाठी जगप्रसिद्ध. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले आणि तेव्हापासून वर्ध्यात कुठलाही खर्च करताना मनाला चुटपुट लागते. मंडपाला झालर लावू म्हटलं की कुणीतरी बापूकुटीच्या कुडाच्या भिंतीकडं बोट दाखवतो. त्यातून आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मानगुटीवर तर खास आमचाच एक हिशेबनीस बसलेला आहे: जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनला हिशेबतपासणी शिकलेले आणि पक्के ख्रिस्ती. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडं होते. कार्यकर्त्यांच्या जेवणाला त्यांनी रोजचे मोजके आणे ठरवून दिले होते. गांधीजी आपल्या मंडळींसह आले, तेव्हा कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सांगितलं की तुमच्या मंडळींचा खर्च या निधीतून व्हायचा नाही, तो तुमचा तुम्ही बघा. मदतनिधीत महात्म्याचाही वाटा नाही! पुढं हेच गृहस्थ वर्ध्याच्या मगनवाडीत राहून ग्रामोद्योग संघाचं काम बघत होते. आमच्या मामांनी त्यांचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. कुणी पैसे मागायला आलं की कपाट उघडतात, दाखवतात आणि बंद करतात.

पैसा येतो कुठून, हा प्रश्न दुसऱ्यांनाही पडतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झालं, अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. सरकारी अनुदान आलं, मोठा मांडव पडला. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, चंद्रकांत वानखडे अध्यक्ष. त्यांची जुनी रीत म्हणजे घरोघरून मूठभर धान्य आणि एक रुपया. मी दोन्हीकडं गेलो. साहित्यासाठी गेलो असं घरी सांगितलं, पण खरं तर मी मांडव आणि पंगती बघत होतो. अर्थ समितीत काम केलेल्या माणसाला पुढं आयुष्यभर कुठल्याही समारंभात खुर्च्याच दिसतात. आमच्या पंथाला अनुदान नाही, तेव्हा मूठभर धान्याची वाट आमच्या जवळची. किंबहुना आमचं सगळं अर्थशास्त्रच धान्याचं आहे.

हंगामाच्या सणाला मंडळीचे लोक पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतात. सेलू-देवळीकडची तूर, सोयाबीन, कापसाची बोंडं, कारंज्याकडची संत्री, एखादी पाय बांधलेली कोंबडी, जी उपदेशाच्या मधोमध आपलं मत देते. उपासना आटोपली की लिलाव. आणि लिलावाचा राजा म्हणजे कोहळं. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारं कोहळं बोलीत पाचशेवर जातं. घेणारा पैसे मोजतो आणि कोहळं परत देवाला देऊन टाकतो, की पुन्हा बोली! शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर बोली आणखी चढते. महिला मंडळाच्या मावशी लिलाव पुकारतात, त्यांना कुणाचा वाद कुणाशी आहे हे तोंडपाठ असतं. नेमक्या त्याच दोघांकडं आळीपाळीनं बघतात. भावकीतलं वैर शास्त्राला मान्य नाही, पण त्यातून आमच्या गाद्यांचं भाडं निघालेलं आहे. संध्याकाळपर्यंत कोहळं सगळ्या मंडळीचं होऊन जातं आणि ते शिजवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

मात्र सोयाबीनला दाण्याच्या वेळी पाऊस लागला किंवा कापसाचा भाव पडला, की कोहळंही पडतं. तेव्हा पंथाच्या दिल्लीच्या कचेरीतून कुणी विचारलं की तुमच्या मंडळीचा वाटा का आला नाही, त्याचं उत्तर धर्मशास्त्रात नसतं, बाजार समितीच्या फळ्यावर असतं. दिल्लीकरांना हा फळा वाचता येत नाही. ते स्मरणपत्र पाठवतात.

खर्च वाचवायच्या सूचना मात्र भरपूर येतात. अधिवेशन मे महिन्यात घ्या, शाळेच्या खोल्या फुकट मिळतील. मिळतील की! पण पंचेचाळीस अंशांत कूलरचं भाडं खोल्यांच्या वर जाईल. जानेवारीत घ्या, तर रगांचं भाडं. जिल्ह्यात दारूबंदी असल्यानं एक खर्च आपोआप वाचतो, असं एका बाहेरच्या पाहुण्यांनी हसत सांगितलं. प्रभुभोजनाला आम्ही मनुका भिजवून त्यांचाच रस काढतो, हे त्यांना सांगितल्यावर ते गप्प झाले. निरोपाच्या भेटीत गोरसपाकाचं पुडकं द्यायचं, यावर मात्र अर्थ समितीसकट सगळ्यांचं एकमत आहे. माझ्या माहितीत हा एवढाच ठराव चर्चेविना मंजूर झाला.

तेव्हा येणाऱ्या प्रतिनिधींना हात जोडून विनंती: नोंदणी शुल्क गाडीत बसण्याआधी भरा, तिकिटावर वर्धा आहे की सेवाग्राम ते नीट वाचून कळवा आणि रग आपला आपण आणा. टॅक्सीचं बिल आणू नका. मामा अजून खजिनदार आहेत.