मंडईपर्यंत गाडी रेडी

गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात शिरा, स्प्लेंडर दिसणारच. मागच्या सीटवर धानाचा कट्टा, टाकीवर पोरगं, हँडलला भाजीच्या पिशव्या आणि या सगळ्यांच्या मधे कुठंतरी चालवणारा. कंपनीतून निघाली तशी गाडी आमच्याकडे फक्त शोरूममध्ये राहते. दूधवाल्यानं दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला आकडे वेल्डिंग करून घेतलेले असतात, मासे विकणाऱ्यानं मागे पेटी कसलेली असते, कापडवाल्यानं तर अख्खं दुकान मांडलेलं असतं. यातल्या एकानंही आपण गाडी ‘मॉडिफाय’ केली असं कधी म्हटलेलं नाही. तसं म्हणतो तो एकटाच, आणि त्याची गाडी चालत नाही.

वय बावीस-तेवीस. आयटीआय झालेली, किंवा होता होता राहिलेली. मोबाइलमध्ये लंडनच्या एस कॅफेचे फोटो. हे हॉटेल १९३८ सालचं. पुढं पन्नास-साठच्या दशकात तिथं जमणारी पोरं ताशी शंभर मैल गाठण्यासाठी गाडीवरचं नको ते सामान उतरवून टाकायची, त्यातून ‘कॅफे रेसर’ जन्माला आली, ही कथा तो कुणालाही ऐकवतो. पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्यालाही. शंभर मैल म्हणजे एकशे साठ किलोमीटर. त्याच्याकडचं इंजिन ९७.२ सीसीचं. हे कुणी लक्षात आणून दिलं की तो दयेनं पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, स्पीड नाही, लुक पाहा.” मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी याच वेडातून ‘वर्देंची’ हा गाड्या घडवण्याचा व्यवसाय उभा केला, मग आपण सपरीत एक गाडी का नाही करू शकत, हा त्याचा बिनतोड मुद्दा.

गाडी अर्थातच बाबूजींची. धानाच्या चुकाऱ्यातून घेतलेली, दर पोळ्याला बैलांसोबत धुतलेली. ऐन उन्हाळ्यात, बाबूजी तेंदूपत्त्याच्या फडीवर गेलेले पाहून तो पहिला बोल्ट सैल करतो. खोलणं हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत सुखाचा भाग. दहाचा पाना, बाराचा, चौदाचा, आणि हट्टी स्क्रूला पेचकस लावून वरून हातोडी. पहिल्या दिवशी प्रत्येक बोल्टचा फोटो निघतो, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटतात: ‘टाकी’, ‘सीट’, ‘मागचा मडगार्ड’. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या संपतात. तिसऱ्या दिवसापासून सगळं एका घमेल्यात पडू लागतं आणि त्या घमेल्यावर मनातल्या मनात चिठ्ठी असते, ‘आठवेल’.

संध्याकाळी बाबूजी परत येतात. सपरीत विटांवर टेकवलेला सांगाडा पाहून थोडा वेळ काहीच बोलत नाहीत.

“मंडईपर्यंत गाडी रेडी,” तो आपणहून सांगतो.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दंडार होते, रात्री नाटक असतं. मिरवण्यासारखं जे काही असेल ते मंडईत मिरवायचं. त्यामुळं तारीख मोठी अचूक निवडलेली असते.

“बाबू,” बाबूजी चप्पल काढत म्हणतात, “मंडई कोणत्या सालची, तेवढं सांग.”

गाडी हलकी करायची म्हणून सगळ्यांत आधी साडीगार्ड जातो. मग कॅरिअर, मागचं हँडल, लेगगार्ड. पुढं ग्रिलच्या दुकानातून ग्राइंडर उसना येतो आणि शॉकॲबसॉर्बरच्या मागची चासीची शेपटी कापली जाते. इथं तो खरोखर सावध असतो, हे मान्य केलं पाहिजे. शॉकॲबसॉर्बर जिथं अडकतो तो जोड सोडून मागंच कापायचं, पुढं गेलं की गाडी बसली, हे त्यानं दहा व्हिडिओ पाहून पक्कं केलेलं असतं. खडूनं खूण होते, ठिणग्या उडतात, शेजारची पोरं टाळ्या वाजवतात. त्या कापलेल्या जागी वाकवलेली नळी जोडून एकाच माणसाची सीट बसते. ती पाहायला आई बाहेर येते.

“आता मी कोठं बसू? टाकीवर?”

मागं बसणाऱ्यासाठी हाताला आधार, पायाला पायटा आणि चाक किमान अर्धं झाकणारी जाळी हवीच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो. आईनं तो वाचलेला नाही. पण दिल्लीतल्या ज्या कुणी तो लिहिला, त्याच्या डोळ्यांपुढं आईच असणार.

मग पाऊस येतो. रोवणा सुरू होतो. बांधीवर खत न्यायचं असतं, रोवणाऱ्या बायांचा चहा पोचवायचा असतो, आणि गाडी सपरीत पुट्टी लावून वाळत पडलेली असते. पावसाळी हवेत पुट्टी वाळत नाही. बाबूजी शेजाऱ्याची सायकल मागायला जातात. तो टाकीवर पॉलिश पेपर घासत बसतो आणि म्हणतो, “फिनिशिंगले टाइम लागतेच.”

खरी परीक्षा वायरिंगची. त्यासाठी घरोघरी लाईट फिटिंग करणारा मावसभाऊ येतो. घरच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे त्याला झोपेतही ठाऊक. स्प्लेंडरमध्ये हिरवी खरोखरच अर्थिंग निघते, म्हणून त्याचा आत्मविश्वास वाढतो. मग काळी न्यूट्रल समजून तो चासीला बांधतो. पण या गाडीत चावी फिरवली की बॅटरीचा करंट काळ्या वायरीतूनच पुढं जातो. चावी फिरते, बारीक ‘टक’ होतं, फ्यूज जातो. दुसरा फ्यूज घालतात, तोही जातो. तिसऱ्या वेळी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावावी असा विचार मावसभाऊ मांडतो, आणि सुदैवानं नेमका तेव्हा त्याला जेवायला हाक येते. अखेर सगळं जमतं. फक्त हॉर्न दाबला की डावा इंडिकेटर लागतो. याला तो ‘फीचर’ म्हणतो.

एअर फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर आणि सायलेन्सरच्या जागी आखूड नळी लावली की आवाज दुमदुमतो. गल्लीतल्या लोकांना वाटतं बुलेट आली. पण हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच झाल्यामुळं चढावर गाडी धापा टाकते. कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा घालावा लागतो, हे चौकातला मिस्त्री त्याला एका वाक्यात सांगतो. तो वर्षभर मिस्त्रीकडं गेलेला नसतो, कारण मग गाडी ‘घरी बनवली’ असं म्हणता आलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनं मूळ रचनेत केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. ‘प्रत्येक’ या शब्दावर जरा थांबा. त्याच्या गाडीतले बदल इन्स्पेक्टरनं नीट मोजले, तर दंडाच्या रकमेत नवी स्प्लेंडर येईल, साडीगार्डसकट.

मंडईला गाडी खरंच तयार असते. त्या सालच्या नाही, पुढच्या सालच्या मंडईला. काळा मॅट रंग, खाली वाकलेलं हँडल, गोल हेडलाइट. दिसते देखणी, खोटं कशाला बोला. दंडारीपेक्षा जास्त गर्दी तिच्याभोवती असते. कुणी विचारतं, “ॲव्हरेज किती देते?” आणि एवढ्या एका प्रश्नानं त्याचा चेहरा उतरतो. घरी परतताना बाबूजींना सोबत नेता येत नाही. ते मासेवाल्याच्या गाडीवर, पेटीला टेकून येतात.

आता त्याला दुसरी गाडी करायची आहे. नजर यामाहाच्या आरएक्स १०० वर आहे. ती १९९६ साली बनायची थांबली, त्यामुळं ज्या आहेत तेवढ्याच. तेव्हा आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुणाच्या घरी जुनी आरएक्स पोत्याखाली झाकून ठेवली असेल, तर हात जोडून विनंती आहे: तिच्यावर आणखी एक पोतं टाका आणि त्याला कळू देऊ नका.