हॉलमधल्या कॉकपिटची नियमावली

व्याप्ती आणि पात्रता

विमान चालवायची इच्छा आहे, पण विमान, परवाना आणि पैसा यांपैकी एकही गोष्ट जवळ नाही, अशा सोलापूर शहरातल्या सर्व नागरिकांना ही नियमावली लागू राहील. शिक्षणाची अट नाही. अनुभवाची आहे, पण ती सोलापूरकर बसल्या जागी पूर्ण करतो. समोर विमान नसताना ते आहे असं धरून चालणं हा सिम्युलेटरचा पाया, आणि त्या बाबतीत आपला सराव दांडगा आहे.

होटगी रोडला धावपट्टी होती, इमारत होती, कुंपण होतं. नेतेमंडळींची विमानं अधूनमधून उतरायची. आपल्याला बसता येईल असं विमान तेवढं नव्हतं. मध्यंतरी सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी वाटेत आली. तिच्या बाजूने आणि तिच्या विरोधात आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीवरून विमानतळाचं उद्घाटन केलं. त्यानंतर गोव्याचं पहिलं प्रवासी विमान सुटायला ९ जून २०२५ उजाडलं, आणि मुंबईचं त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं. थोडक्यात, विमानतळ आधी आणि विमान सवडीने.

घरच्या कॉकपिटला हा क्रम चालत नाही. आधी उडा, मग बांधा, हे या नियमावलीचं मूळ कलम आहे. बाकीची कलमं त्याचीच पोटकलमं समजावीत. नवशिका नेमका उलटा जातो. आधी प्लायवूड आणतो, साठ बटणांचं पॅनल कापून घेतो, त्याला करडा रंग देतो, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. विमान सरळ रेषेत ठेवता येण्याआधीच दिवाळीची साफसफाई येते, आणि पॅनल माळ्यावर जातं.

कलम १ : पूर्वपीठिका (घरच्यांना वाचून दाखवण्यासाठी)

‘हा पोरखेळ आहे’ असा आक्षेप आल्यास पुढील इतिहास गंभीर आवाजात सांगावा. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकला उडायचं वेड होतं आणि विमानशाळेची फी परवडत नव्हती. त्याने १९२९ मध्ये कारखान्यातलेच भाते आणि झडपा वापरून एक ठेंगणं लाकडी विमान केलं. दांडी हलवली की भात्यात हवा कमीजास्त व्हायची आणि विमान जागच्या जागी डोलायचं. आपल्या संगीत नाटकात ऑर्गनचा भाता गायकाला साथ करत असताना तिकडे तोच भाता वैमानिक घडवायच्या कामाला लागला होता.

लोकांनी आधी ते जत्रेतला पाळणा म्हणूनच विकत घेतलं. पुढे १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं. खराब हवेत केवळ उपकरणं पाहून उडायची सवय नसल्यामुळे वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. पोरखेळाचा आक्षेप इथे निकाली निघतो. खर्चाचा आक्षेप पुढील कलमांत टप्प्याटप्प्याने टाळला आहे.

कलम २ : जागा

जागेची परवानगी आधी घ्यावी, आणि ती आईकडून घ्यावी. वडिलांनी दिलेली परवानगी कोणत्याही घरात बंधनकारक नसते. ‘कॉकपिट करतोय’ असं सांगू नये. ‘अभ्यासाचं टेबल जरा मोठं करतोय’ असा अर्ज करावा. माप चार फूट बाय पाच फूट लिहावं. प्रत्यक्षात सहा लागतील, पण ते बांधकाम झाल्यावर निदर्शनास येतं.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचा मोह टाळावा. गच्चीवर मराठी माणसाने याहून मोठी कामं केली आहेत, हे खरं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी, खरंखुरं विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं. परंतु ते स्वतः वैमानिक होते. आपला प्रश्न वेगळा आहे: मे महिन्यात पत्र्याखाली आपण आधी बंद पडतो की ग्राफिक्स कार्ड, एवढाच.

कलम ३ : विमान

कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन घ्यावं. पैसे घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर फुकट मिळतं. विमान म्हणून सेसना १७२ निवडावं. मोठं एअरबस निवडल्यास पहिले काही आठवडे ते सुरू करण्यातच जातील, आणि सुरू झाल्यावर ते स्वतःच उडेल. तुमच्याकडे काम उरणार नाही.

सेसनाच्या पॅनलवर सहा घड्याळं दोन ओळींत असतात. वरच्या ओळीत वेग, क्षितिज आणि उंची. खालच्या ओळीत वळण, दिशा आणि चढ-उतार. सुरुवातीला एक साधी जॉयस्टिक टेबलावर ठेवून फक्त हीच सहा वाचायला शिकावीत. या काळात कीबोर्डशेजारी एक वही ठेवावी. उडताना हात दर वेळी कशासाठी कीबोर्डकडे धावतो, त्याची नोंद करावी. महिनाभरात वहीच सांगेल, आधी काय बांधायचं ते. बहुतेकांच्या वहीत ट्रिम, फ्लॅप आणि थ्रॉटल येतं. वरच्या पॅनलमधलं लाल झाकणाचं बटण कुणाच्याच वहीत येत नाही. ज्याचे डोळे त्या बटणावर आहेत, त्याने ते विकत घेऊन खिशात ठेवावं आणि बांधकाम पुढे न्यावं.

कलम ४ : पाय

हाताला जॉयस्टिक पुरते. पायाला रडर पेडल लागतात. धावपट्टीवर वेग घेताना सेसनाचं नाक डावीकडे ओढलं जातं. ते उजव्या पायाने धरून ठेवावं लागतं. हे न कळल्यामुळे असंख्य नवशिके डावीकडच्या गवतातूनच उडालेले आहेत. एक पेडल पुढे गेलं की दुसरं मागे येतं, कारण दोन्ही एकाच दांडीला जोडलेली असतात.

या बाबतीत सोलापूरच्या पूर्व भागाइतका वारसा जगात थोड्याच गावांना असेल. खड्डा मागावर बसलेला विणकर दुसरं काय करत होता? कमरेपासून खाली खड्ड्यात, पायाशी दोन पावड्या, हातात धोट्याची दोरी, नजर ताण्यावर. एक पावडी दाबली की निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले. पाय आपलं काम करतात, हात आपलं, आणि डोळ्यांना दोघांकडे पाहायची गरज पडत नाही. विमानशाळेत नेमकं हेच शिकवायला तासाप्रमाणे पैसे घेतात. घरात कुणी आजोबा मागावर बसलेले असतील तर पेडलची चाचणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी. ‘डावं जड चाललंय’ हे ते बूट न घालता सांगतील.

बांधणी अशी: एक फळी मधोमध बोल्टावर फिरती ठेवावी, तिच्या दोन टोकांना पाय टेकायच्या पट्ट्या, आणि फिरण्याच्या जागी दहा के ओमचं पोटेन्शिओमीटर. दुकानात ‘बी’ छापाचं मागावं. त्याचं वाचन फिरवण्याच्या प्रमाणात बदलतं. ‘ए’ छापाचं आवाज कमीजास्त करण्यासाठी असतं. ते लावल्यास पेडल अर्ध्यापर्यंत झोपलेलं राहतं आणि मग एकदम दचकून उठतं. धुळीचा त्रास नको असेल तर हॉल सेन्सर आणि एक लोहचुंबक वापरावं. त्यात घासणारं काहीच नसल्यामुळे ते झिजत नाही.

कलम ५ : आसन आणि मिस्त्री

आसनासाठी भंगारातून जुन्या गाडीची पुढची सीट आणावी. रुळांसकट आणावी, म्हणजे पुढेमागे सरकते. ती घरात नेण्याची वेळ दुपारी दोन ते चार.

सुताराकडे जाताना मनाची तयारी ठेवावी. संवाद साधारण असा होतो:

‘उंची किती धरू?’

‘मिस्त्री, डोळा क्षितिजाच्या रेषेत आला पाहिजे.’

‘बरं. क्षितिज किती फुटावर आहे?’

याचं उत्तर तयार ठेवावं: जमिनीपासून साडेतीन ते चार फूट, बसल्यावर डोळा येतो तिथे. मॉनिटरचा मध्य त्याच उंचीवर, डोळ्यापासून हातभर अंतरावर. त्यानंतर मिस्त्री विचारतील, ‘खाली एवढी जागा वाया चालली की. दोन ड्रॉवर काढू का?’ नकार देऊ नये. वायर तिथेच मावतात, आणि अभ्यासाच्या टेबलाचा अर्ज खरा ठरतो. लाकूड मात्र प्लायवूडच घ्यावं. एमडीएफ स्वस्त पडतं, पण उन्हाळाभर कूलरची दमट हवा खाऊन ते कडेने फुगतं, आणि फ्लॅपची दांडी आषाढापर्यंत अडकून बसते.

कलम ६ : बटणं

कॉम्प्युटरला बटणं कळावीत म्हणून आर्डुइनो नावाचं छोटं बोर्ड लागतं. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्यावं. कॉम्प्युटर त्याला थेट जॉयस्टिक समजतो. दुकानदार ‘उनो’ खपवायला बघेल. ते या कामात सरळ चालत नाही. प्रत्येक स्विचची एक वायर सामाईक ग्राउंडला, दुसरी बोर्डाच्या एकेका पिनला; याहून गूढ त्यात काही नाही. दिशा बदलणाऱ्या गोल खुंटीसाठी रोटरी एन्कोडर मागावा. एकदा दहा स्विच बसवून पाहावेत. अकरावा बसवण्यापूर्वी कलम ३ मधली वही उघडावी.

कलम ७ : हवामान

आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. पण हवा तापली की विरळ होते, आणि पंखांना व इंजिनाला उंची कळते ती हवेच्या विरळपणावरून. हिशेब सोपा आहे: त्या उंचीला अपेक्षित तापमानापेक्षा प्रत्येक अंश वाढला की साधारण एकशेवीस फूट वाढवायचे. दीड हजार फुटांवर बारा अंश अपेक्षित, आणि मेमध्ये आपल्याकडे बेचाळीस. म्हणजे तीस अंश जास्त, छत्तीसशे फूट जास्त. सोलापूरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला आपण पाच हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर आलो असं वाटतं. स्ट्रॉबेरी मात्र मिळत नाही. सिम्युलेटरमध्ये तापमान बेचाळीस करून पाहावं. विमान किती आळसावतं ते दिसेल, आणि दुपारी आपलं काय होतं याचं शास्त्रीय कारणही.

कलम ८ : पहिलं उड्डाण

सोलापूरचा आंतरराष्ट्रीय कोड ‘व्हीएएसएल’. धावपट्टीची नावं १५ आणि ३३. त्यापुढे शून्य जोडलं की होकायंत्रावरची दिशा मिळते, एकशेपन्नास आणि तीनशेतीस अंश. वारा समोरून येईल ती बाजू घ्यावी. ३३ घेतल्यास उडताच नाकासमोर शहर येतं: सिद्धेश्वराचा तलाव, पलीकडे पेठा. पंचावन्न नॉटला दांडी हळूच ओढावी, पंचाहत्तरने चढावं, उजवीकडे वळून उत्तरेला साडेतीन हजार फुटांवर बालाघाटचे डोंगर धरावेत. तुळजापूर पाव तासात. एसटीचा अनुभव असलेल्यांनी एवढ्या लवकर पोहोचल्याने गोंधळून जाऊ नये. वरूनच हात जोडावेत आणि परत फिरावं. पासष्ट नॉटने उतरावं. उड्डाण ऐच्छिक असतं, उतरणं सक्तीचं.

कलम ९ : आपत्कालीन स्थिती

लाईट गेली: उतरताना हमखास जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि कॉम्प्युटर एकत्र टिकत नाहीत. निवड तुमची, घरच्यांची निवड पंखा.

नळाला पाणी आलं: हे या शहरात रोज होत नाही, त्यामुळे त्याला सर्वोच्च प्राधान्य. विमान ऑटोपायलटवर टाकून घागर उचलावी. ऑटोपायलट आहे कशासाठी?

गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले: त्यांच्यातलं सर्वात लहान मूल सीटवर बसेल आणि पहिल्या खेपेत तुमच्यापेक्षा बरं उतरवेल. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये.

कलम १० : खरं विमान

आता विमानं खरोखर सुरू झाल्यामुळे घरात एक प्रश्न विचारला जाईल: ‘एवढ्या पैशात आपण सगळे गोव्याला जाऊन आलो असतो की.’ हिशेब बरोबर आहे. वाद घालू नये. तिकिटं काढावीत.

प्रवासात पुढील पथ्यं पाळावीत. एटीआर धावपट्टीवर वळताना ‘आता उजवा पाय’ असं मोठ्याने म्हणू नये. हवाई सुंदरीला उष्णतेमुळे वाढलेल्या उंचीचा हिशेब समजावू नये. कॅप्टनने विमान टेकवताना जरा आपटलं, तर ‘मी असतो तर’ हे वाक्य सुरू करू नये. कलमभंगाला कायद्यात शिक्षा नाही. परंतु शेजारच्या सीटवर आई असेल, आणि कॉकपिटच्या जागेची परवानगी दर दिवाळीला नूतनीकरणासाठी तिच्याचकडे जाते, हे ध्यानात असू द्यावं.