रोज दहा शब्द

नगरला सावेडीत, पाइपलाइन रोडला, दिल्लीगेटच्या आसपास जिथे म्हणून अभ्यासिका आहे तिथे हा असतोच. भिंतीकडेची जागा त्याची. चार्जिंगचं सॉकेट हाताशी हवं आणि पंखा डोक्यावर नको, कारण पंख्याने वहीची पानं उलटतात. गाव पाथर्डी, शेवगाव नाहीतर जामखेड तालुक्यातलं. वय विचारायचं नाही, ते फॉर्म भरताना त्याला स्वतःलाच आठवून घाबरायला होतं. त्याचं खरं नाव फक्त मेसवाल्या मावशींना ठाऊक असतं, कारण त्यांच्या उधारीच्या वहीत ते लिहिलेलं असतं. बाकी सगळे त्याला 'व्होकॅब' म्हणतात.

व्होकॅबचं व्रत एकच, रोज दहा शब्द. स्पर्धा परीक्षेत इंग्रजीने घात होतो हे त्याला कुठल्याशा क्लासच्या पहिल्याच फुकट लेक्चरला कळलं. दुसऱ्या लेक्चरला फी होती. त्याच संध्याकाळी त्याने दोनशे पानी लाँगबुक घेतलं, खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं आणि लाल पेनाने तीन रकाने आखले : शब्द, अर्थ, वाक्य.

ही वही एकदा बघाच. शब्दाच्या खाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार असतो, आणि तो बहुतेक वेळा व्होकॅबचा स्वतःचा असतो. भिंगारच्या छावणीकडे जाताना लष्कराच्या पाट्या वाचून त्याने 'कोलोनेल' लिहून घेतला. त्याला कर्नल म्हणतात हे एका रिटायर्ड सुभेदारांनी सांगितलं तेव्हा त्याने अर्थाच्या रकान्यात 'कर्नल' असंच लिहिलं आणि उच्चाराला हात लावला नाही. पण खरी मौज तिसऱ्या रकान्यात आहे. सुरुवातीची वाक्यं गाईडमधली. राजाने सिंहासन सोडलं, लंडनमध्ये हवा थंड आहे, असली. गाईडातली वाक्यं संपली आणि व्होकॅबला स्वतःची रचावी लागली, तिथून वही वाचनीय होते. 'अबन्डंट : देअर इज अबन्डंट डस्ट ऑन नगर-मनमाड रोड.' 'अब्सेंट : रेन इज अब्सेंट इन पाथर्डी.' 'अब्स्कॉन्ड : माय रूम पार्टनर अब्स्कॉन्डेड विदाउट पेइंग मेस बिल.' 'ॲम्बिग्युअस : द ॲन्सर की इज ॲम्बिग्युअस.' आणि पुढच्याच पानावर, 'ॲनॉय : अण्णा इज ॲनॉइड.' लोक रोजनिशी तारखेने लिहितात, याची अक्षरानुक्रमाने आहे.

अक्षरानुक्रमाने म्हणजे 'ए'पासून 'डी'पर्यंत. त्याचं असं होतं, की जाहिरात निघाली की व्होकॅब नव्या उमेदीने नवी वही घालतो आणि पुन्हा 'ए'पासून सुरू करतो. 'डी'च्या आसपास परीक्षा पुढे ढकलली जाते, उमेद जाते, वही ट्रंकेत जाते. त्यामुळे 'ए'च्या शब्दांवर त्याची हुकमत अशी, की पेपरवाल्यांनीही विचारून घ्यावं. 'डब्ल्यू'चा शब्द मात्र आला की तो सिलॅबसच्या बाहेरचा. 2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा जिल्ह्यात पुष्कळ चर्चा झाली. व्होकॅबला काहीच त्रास झाला नाही. 'क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा' हे त्याचं आवडतं वाक्य होतं, आणि सुदैवाने नवं नावही 'ए'नेच सुरू होत होतं.

नगरच्या मातीला इंग्रजी नवी नाही. इथल्या भुईकोट किल्ल्यात इंग्रजांनी 1942 पासून काँग्रेसचे पुढारी डांबले होते, आणि तिथेच 1944 साली नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. व्होकॅबने ते रद्दीवाल्याकडून पैदा केलं. आपल्याच गावात लिहिलेलं म्हटल्यावर अवघड कशाला असेल, असा त्याचा हिशेब. पहिली काही पानं अधोरेखित करकरून एवढी लाल झालीत, की अधोरेखित न केलेले शब्दच उठून दिसतात. पुस्तकात आहे काय, असं कुणी विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, "अवघड शब्द." मोल्सवर्थ साहेबाने 1831 साली मराठी-इंग्रजी कोश काढला हे त्याला सामान्यज्ञानाच्या वहीमुळे पाठ आहे. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत हे ऐकल्यापासून त्याला साहेबाबद्दल आपुलकी वाटते. "म्हणजे त्यांचीही मेन्स व्हायची," तो म्हणतो.

एवढे शब्द जमवून बोलायचं कुणाशी, हा प्रश्न आहेच. अभ्यासिकेत बोलायला बंदी. खोलीवर पार्टनर झोपलेला. राहते आई. ती रात्री फोन करते.

"जेवला का रं बाळा? आज काय शिकला?"

"अबेट."

"म्हंजी?"

"कमी होणं. ओसरणं."

"मंग कांद्याचा भाव अबेट झालाय म्हण की."

व्होकॅब क्षणभर गप्प होतो, कारण असं वाक्य वहीत नसतं. आई मात्र तिथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला अण्णांचा खोकला अबेट झाल्याचं सांगते, आणि आठवड्यात वस्तीवर सगळं काही अबेट व्हायला लागतं. घरात इंग्रजी खरं कुणाला येतं, असं मला विचाराल तर माझं मत आईला.

दुसरा प्रतिस्पर्धी शिर्डीचा मावसभाऊ. त्याचं हार-प्रसादाचं दुकान. गुरुवारी गर्दी असते म्हणून व्होकॅब मदतीला जातो. समोर आंध्राकडचं एक कुटुंब येऊन उभं राहतं, बाई इंग्रजीत विचारतात, चपला कुठे ठेवायच्या. व्होकॅब वाक्य जुळवायला घेतो. आधी 'डिपॉझिट' आठवतो, तो 'डी'चा असल्यामुळे. मग 'अकॉमोडेट'. मग 'हॅज' की 'हॅव' यावर गाडी अडते. एवढ्या वेळात मावसभाऊ, "अम्मा, इक्कड! चप्पल हिअर, फ्री, नो टेन्शन. दर्शन फर्स्ट, पेढा आफ्टर," असं म्हणून चपला फळीखाली सरकवून अर्धा किलोचा पुडा बांधूनही टाकतो. त्याच्याजवळ इंग्रजीचे पन्नासेक शब्द असतील. तेवढेच तेलुगूचे, तेवढेच तमिळचे. त्यातला एकही शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत रिकामा बसत नाही. व्होकॅबचे तीन हजार जागचे हलत नाहीत.

मुलगी बघायचा कार्यक्रम श्रीरामपूरला झाला. मुलगी इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकवणारी. तिने सरळ विचारलं, "व्हॉट डू यू डू?" हा प्रश्न स्पर्धा परीक्षावाल्याला मराठीत विचारला तरी घाम फुटतो. व्होकॅब मात्र डगमगला नाही. ताठ बसून म्हणाला, "आय ॲस्पायर." शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, उच्चारसुद्धा बरोबर. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाकडे पाहिलं आणि पोहे आत परत गेले.

तरीही व्होकॅबला हसणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. पोलीस भरतीच्या पेपरात इंग्रजी नसतं. त्याला धावपट्टीवर सोळाशे मीटर पळून सुटता आलं असतं, तो सुटला नाही. 2023 च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते, 50 गुणांचे, आणि असले बरेच व्होकॅब त्यात निघाले. इंग्रजीत किती पडले ते सांगत नाहीत, पण निघाले. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. खुर्चीवर कामकाज सगळं मराठीत. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, शेतकऱ्याचं भांडण तर अस्सल मराठीत. दिवसभरात इंग्रजी लागतं ते दोन शब्दांपुरतं, "सर्व्हर डाऊन." ते व्होकॅब अगदी सहज म्हणतो, न अडखळता, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. आणि समोरच्यालाही अर्थ विचारावा लागत नाही.

तेव्हा तुमची नोंद बरेच दिवस रखडली असेल, तर वशिला शोधत बसू नका. कार्यालयात जा, नमस्कार करा आणि भाऊसाहेबांना 'ए'चा एखादा अवघड शब्द विचारा. अर्थ सांगतील, वाक्यात उपयोग करून दाखवतील, वर चहा पाजतील. नोंदीचं तेवढं चहा संपायच्या आत काढा.