माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव

अंजनवेलच्या टोकावरून भारतीय प्रशासनाचं जेवढं दर्शन घडतं, तेवढं मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरूनही घडत नसेल. वाशिष्ठी इथे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. गोपाळगडाकडे पुरातत्त्व खातं बघतं, टाळकेश्वरच्या दीपगृहाकडे केंद्राचं दीपगृह महासंचालनालय, जेटीकडे मेरीटाइम बोर्ड आणि जेटीला लागलेल्या होड्यांच्या परवान्यांकडे मत्स्यव्यवसाय खातं. शेजारी एन्रॉनने मांडलेला आणि पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवरच्या नावावर गेलेला वीजप्रकल्प आहे, त्याला लागून गॅसचं टर्मिनल. एवढी झाली जमीन. पावसाचा अंदाज मुंबईच्या कुलाब्याहून येतो, लाटांचा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मधून, आणि भरती-ओहोटीचं कोष्टक छापतो तो सर्वेक्षण विभाग डेहराडूनला आहे. हैदराबाद आणि डेहराडून या दोन्ही शहरांना समुद्र नाही, पण समुद्राचा तटस्थपणे विचार करायला एवढं अंतर बरं पडत असावं. नदीतून येणारं पाणी जलसंपदा खात्याचं, त्यात मिसळलेलं कोयनेचं पाणी वीज काढून झालेलं म्हणून महानिर्मितीचं. आणि ही सगळी पाणी एक होऊन घरात शिरली की ती महसूल खात्याची होतात, कारण पंचनामा तलाठी करतो.

या खात्यांमध्ये समन्वय हवा असं म्हणणारा माणूस आजवर कुठल्याही बैठकीत एकटा पडलेला नाही. २००९ साली जिनिव्हाच्या तिसऱ्या जागतिक हवामान परिषदेत हवामान सेवांच्या जागतिक आराखड्याचा निर्णय झाला. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी जाहीर केलं, की पाच वर्षांत पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला संकटाची पूर्वसूचना मिळेल. ‘प्रत्येक माणसा’त अंजनवेलचा खलाशीही येतो असं आपण धरून चालू. तेव्हा समन्वयाचा तुटवडा आहे ही नेहमीची ओरड मला पटत नाही. समन्वय आपल्याकडे मुबलक आहे, फक्त तो पाठवणाऱ्यांचा पाठवणाऱ्यांशी आहे. एका कार्यालयाने दुसऱ्याला इशारा पाठवला, दुसऱ्याने ‘माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून तिसऱ्याला धाडला, तिसऱ्याने तो व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकला आणि चौथ्याने हात जोडल्याचं चित्र पाठवून पोच दिली. प्रत्येकाकडे जावक क्रमांक आहे. इशारा जेटीवर किती वाजता पोहोचला, कोणी ऐकला आणि ऐकून कोणती होडी थांबली, हे लिहून ठेवणं मात्र कोणाच्याच कामात बसत नाही.

विज्ञान कमी पडतं, असं म्हणायचीही आता सोय राहिलेली नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, दापोली-मंडणगडची झाडं आणि छपरं घेऊन गेलं. पण ते येणार हे आधी कळलं होतं आणि किनाऱ्यावरची हजारो माणसं हलवता आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकलं, त्याचाही मार्ग आधी सांगितला गेला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी मंजूर केले, २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. म्हणजे गुहागर आणि अंजनवेल यांच्यामधलं अंतर आता संगणकाला दिसतं. इशारा मात्र ‘रत्नागिरी जिल्ह्यासाठी नारिंगी’ असाच येतो, मंडणगडपासून राजापूरपर्यंत एकाच कुंचल्याने फासलेला.

त्या रंगांचंही एक आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. या सूचना मुळात प्रशासनासाठी आखलेल्या; जनतेला त्या टीव्हीवरून उष्ट्या मिळतात. शिवाय हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की पाऊस मुसळधार. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या कोकणात जुलै महिन्यात याला ‘आज जरा उघडीप आहे’ म्हणत नसले, तरी त्यासाठी कोणी भात लावायचं थांबवत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्क्यांवर, हे शास्त्रज्ञाला ठाऊक असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, तुरळक म्हणजे थोडासा. तांडेलाला हवं असतं ते असं: दुपारी तीननंतर वारा फिरेल, खाडीच्या तोंडाशी लाट पुरुषभर चढेल, त्याआधी आत या. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कार्यालयात आकड्यांच्या रूपाने हजर असते. पंगतीत भात वाढणारा एक, आमटीचा दुसरा, तुपाचा तिसरा, आणि पान मांडायला कोणीच नाही, तशी ही गत. याउलट २० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रातले मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले, तो संदेश अचूक पोहोचला होता. दूरसंचार विभागाची ती चाचणी होती आणि संदेशात लिहिलं होतं, की याकडे दुर्लक्ष करावं.

आपल्या किनाऱ्यावरची सर्वांत यशस्वी हवामान सेवा कोणती, असं विचाराल तर मी मासेमारी बंदीचं नाव घेईन. १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या बंद. कायद्याचा हेतू माशांच्या विणीचा आहे, पण त्या निमित्ताने पावसाळ्यातल्या खवळलेल्या दर्यापासून माणूसही वाचतो. तारीख ठरलेली, प्रत्येकाला पाठ, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा की मोकळे. ॲप नाही, रंग नाही, समन्वय समिती नाही. पण समुद्राने अलीकडे हे कॅलेंडर वाचणं सोडलं आहे. ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी, भर हंगामात. रत्नागिरीचे कित्येक मच्छीमार त्यातून परतले नाहीत. ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाठोपाठ अरबी समुद्रात उठली, ‘तौक्ते’ मे महिन्यात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्रातली चक्रीवादळं गेल्या दोन दशकांत निम्म्याहून अधिक वाढल्याचं दाखवलं आहे. जो धोका तारखेने सांगता येत होता तो आता संदेशाने सांगावा लागणार, आणि नेमकी संदेशाची यंत्रणाच जावक क्रमांकाशी येऊन थांबते. गॅसच्या जहाजांचं बरं होतं. टर्मिनलची लाटरोधक भिंत वर्षानुवर्षं अर्धवट राहिल्याने पावसाळ्यात ती जहाजं यायचीच नाहीत. अंदाज न विचारता घेतलेला एवढा शहाणपणाचा निर्णय अंजनवेलमध्ये दुसरा झालेला नसेल.

पाणी नुसतं समुद्राकडून येत नाही. कृष्णा लवादाने कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मुभा दिली. ते पोफळी-अलोरेला वीज करून कोळकेवाडी धरणात येतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून अंजनवेलकडे निघतं. २२ जुलै २०२१ च्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. चिपळूण बुडालं, २००५ सालीही बुडालं होतं. सह्याद्रीतला पाऊस, धरणातला विसर्ग आणि खाडीतली भरती ही तीन गणितं तीन दप्तरांत आणि त्यांची बेरीज नागरिकांनी गच्चीवर बसून करायची. कोळकेवाडीतून नेमकं कधी किती पाणी आलं यावर पूर ओसरल्यावरही वाद चालू राहिला, यातच सगळं आलं. माहिती उलट दिशेनेही जात नाही. याच खोऱ्यात तिवरे धरण फुटलं, २ जुलै २०१९ च्या रात्री, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. त्या वरपर्यंत पोहोचल्या असत्या तर जलसंधारण मंत्र्यांना धरण फोडल्याचा आरोप खेकड्यांवर करावा लागला नसता. खेकड्यांनी या आरोपावर खुलासा दिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो लोकांवर. इशारे देतो हो, पण लोक ऐकतात कुठे? ऐकत नाहीत हे अर्धं खरं आहे. नारिंगी सांगून कोरडे गेलेले दिवस लोकांच्या लक्षात राहतात, आणि दिवसभराची मजुरी बुडाल्यावर इशारा चुकला तर ती कोण भरून देतं? पण लोक मुळातच बहिरे असते तर बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसं मेल्यानंतर जे झालं ते झालं नसतं. तिथे १९७२ पासून गावागावात स्वयंसेवक नेमले, आज ते ७० हजारांहून अधिक आहेत, भोंगा घेऊन दारोदार फिरतात आणि लोक उठून निवाऱ्यात जातात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी जवळजवळ १० लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. लोक तेच होते. सांगणारा बदलला होता, तो ओळखीचा होता आणि त्याला दारात उभं राहून उत्तर ऐकावं लागत होतं.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: यासाठी एक नवं सर्वसमावेशक प्राधिकरण हवं. कृपा करून नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याच्या ३० व्या कलमात पूर्वसूचनेची यंत्रणा उभारून ती जनतेपर्यंत नेण्याचं काम जिल्हा प्राधिकरणाला दिलेलंच आहे आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत. पैशाचा प्रश्न आला की ही यंत्रणा किती बारकाईने चालते, ते फळपीक विम्यात दिसतं. महसूल मंडळागणिक ‘महावेध’चं स्वयंचलित केंद्र, त्यावर तापमान आणि पाऊस नोंदला जातो, आणि आंब्याची भरपाई लागू होते की नाही ते त्या आकड्यावर ठरतं. भरपाई नाकारण्यापुरता मंडळाचा पत्ता सापडतो, तर फवारणी कधी करायची हे सांगताना जिल्हाच का आठवतो? जिल्हास्तरावर शेतकऱ्याला हवामानाचा अर्थ लावून सांगणारी १९९ कृषी-हवामान केंद्रं २०१८ पासून देशभर उघडली गेली होती. २०२४ साली ती बंद करण्यात आली. आता शेतकऱ्यासाठी ‘मेघदूत’ आहे, विजेसाठी ‘दामिनी’, सगळ्यांसाठी ‘मौसम’, शिवाय ‘सचेत’. चारही ॲप मोबाइलमध्ये ठेवून पाचव्यांदा आकाशाकडे बघायचं.

आशेला जागा एकच दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून देशभरच्या एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. या यंत्रावर इशारा येतो आणि होडीवरून उत्तरही जातं. सरकारी इशाऱ्याच्या इतिहासात ‘मिळाला’ असं कळवायची सोय बहुधा पहिल्यांदाच होते आहे. वल्ह्याच्या लहान होड्यांना ते यंत्र मिळणार नाही, त्यांच्यासाठी जेटीवर माणूस लागेल. तर जिल्हाधिकाऱ्यांनी एक आदेश काढावा: अंजनवेल, वेलदूर, दाभोळ अशा प्रत्येक बंदरावर गावातल्याच एका माणसाला मानधन द्यावं, त्याने प्रत्येक इशारा मिळाल्याची वेळ, तो कोणत्या होडीला सांगितला आणि पुढे काय झालं ते आवक नोंदवहीत लिहावं, आणि खात्यांचा वार्षिक आढावा त्यांच्या जावक क्रमांकांऐवजी या वहीवरून व्हावा. हवामान विभागाचा अंदाज बरोबर निघाला आणि वहीत नोंद नाही, तर मधल्या कुठल्या मेजावर तो किती तास पडून होता, हे मिनिटांसकट निघेल. प्रस्तावाला विरोध होईल तो याच मुद्द्यावर. कारण म्हणून वही कोणत्या लेखाशीर्षाखाली खरेदी करायची, हे पुढे केलं जाईल.