टोस्टकर

आडनावाच्या शेवटी ‘कर’ आला की आपण आधी गाव शोधतो. टोस्टकरांचं गाव नकाशावर सापडणार नाही, कारण हे आडनाव त्यांना आम्ही दिलं आहे. खरं आडनाव बँकेच्या पासबुकावर आहे, ते तिथेच असू द्या. तसंही टोस्टकर काही एकटेच नाहीत. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही अशा जागी चार कुटुंबं तंबूत राहायला निघाली की त्यांत एक टोस्टकर निघतोच. बाकीचे तिथे सूर्योदय बघतात. टोस्टकर त्या वेळी ब्रेडची दुसरी बाजू बघत असतात.

त्यांना ओळखणं सोपं आहे. ट्रेकर लोक सॅकला जिथे दोर लटकवतात, तिथे यांची पापड भाजायची जाळी लटकत असते. चालताना ती स्टीलच्या बाटलीवर आपटते. त्यामुळे टोस्टकर मागे राहिलेत की पुढे गेलेत, हे आम्हांला मान न वळवता कळतं. एकदा जाळीचा आवाज बंद झाला म्हणून आम्ही घाबरून मागे पळालो. हे वाटेवर ओणवे होऊन एक चपटा दगड उचलत होते. ‘तापवला तर बरा तापेल,’ म्हणाले. तो दगड पुढचे चार किलोमीटर मी वाहिला.

आता गंमत अशी, की घरी टोस्टकर टोस्ट खात नाहीत. सकाळी पोहे, नाहीतर रात्रीच्या पोळीचा चिवडा, सोमवारी खिचडी. त्यांच्या लग्नात तीन टोस्टर आले होते. दोन पुढच्या दोन लग्नांत मार्गी लागले आणि तिसरा खोक्यासकट माळ्यावर आहे. त्याच्यावर दिवाळीच्या पणत्या ठेवलेल्या असतात. मी एकदा विचारलं, ‘एवढी आवड आहे तर घरी का करत नाही?’ तर म्हणाले, ‘घरी काय, बटण दाबायचं. त्यात आपण काय केलं?’

वहिनींचं म्हणणं जरा वेगळं आहे. घरी ओट्याजवळ गेले की त्यांना ‘सरका’ म्हणणारं कोणीतरी असतं. जंगलात ओटाच नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. कसारा घाट चढून घोटीला चहाला थांबलो आणि तिथल्या दुकानात टोस्टकरांनी विचारलं, ‘टोस्टसाठी काय आहे?’ दुकानदाराने टोस्टचा पुडा काढून पुढे ठेवला. त्याची काही चूक नाही. मराठीत टोस्ट म्हणजे खारी, बटर, टोस्टमधला टोस्ट. चहात बुडवायचा, आणि क्षणभर उशीर झाला तर कपाच्या तळाशी गमावून बसायचा. टोस्टकर म्हणाले, ‘हा रस्क झाला. मला टोस्ट करायचाय.’ दुकानदाराने पुडा फिरवून नाव दाखवलं. ‘टोस्टच आहे की साहेब. लिहिलंय ना.’

मग यांनी स्लाइस ब्रेड मागितला, आणि वर विचारलं, ‘कालचा आहे का?’

त्या माणसाचं आयुष्य ‘आजचाच आहे, सकाळीच आलाय’ हे सांगण्यात गेलेलं. कालचा ब्रेड मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं. त्याला वाटलं अन्नभेसळवाले आले. शपथेवर सांगू लागला की कालचा आम्ही ठेवतच नाही. टोस्टकरांचा हेतू साधा होता. ताज्या ब्रेडमध्ये ओल जास्त. ती उडून जाईपर्यंत वरचा भाग शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि तांबूस रंग यायला एकशे चाळीसच्या आसपास तरी जावं लागतं. शिळा ब्रेड लवकर कोरडा होतो. हे शास्त्र त्यांनी काउंटरवर कोपर टेकवून सांगितलं. मागे रांग लागली होती.

पुढचा रस्ता ब्रेड त्यांच्या मांडीवर होता. त्यांची धाकटी मुलगी डिकीतल्या सामानावर.

तंबू तलावाच्या काठी, एका घराच्या खालच्या शेतात होते. मुलं पाण्याकडे पळाली, आम्ही आडवे झालो. टोस्टकर तलावाकडे बघत उभे राहिले आणि मला वाटलं, चला, एकदाचं यांना काहीतरी सुंदर दिसलं. ते म्हणाले, ‘विल्सन धरण. १९२६ साली पुरं झालं. या पाण्यावर वीज तयार होते, माहितीये?’ म्हणजे समोर एवढी वीज पाण्याच्या रूपात पसरलेली आणि आम्ही तिच्या काठावर पापडाची जाळी घेऊन बसणार, यात त्यांना खरा आनंद होता.

रात्री शेकोटीभोवती त्यांचं कीर्तन झालं. १९२१ साली चार्ल्स स्ट्राइट नावाच्या अमेरिकन माणसाला टोस्ट आपोआप वर उडवणाऱ्या टोस्टरचं पेटंट मिळालं. आणि यंत्रावर कापलेला ब्रेड विकायला सुरुवात झाली १९२८ साली. ‘म्हणजे बघ,’ ते म्हणाले, ‘टोस्टर आधी, स्लाइस नंतर! सात वर्षं लोक हाताने जाडेभरडे काप करून त्या फटीत कोंबत होते.’ हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्या लोकांपैकी कोणीतरी त्यांच्या घरातलं असावं, असं वाटलं. नंतर मायार नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ आला, १९१२ साल आलं, साखर आणि प्रथिनं तापून एकत्र आली की खरपूस वास कसा सुटतो ते आलं. तोवर शेकोटीशी मी आणि एक कुत्रं असे दोनच श्रोते उरलो होतो.

झोपायच्या वेळी वहिनींच्या तंबूतून आवाज आला. ‘अहो, हे काय थंडगार लागतंय?’ टोस्टकर गॅसचा छोटा कॅन स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपले होते. थंडीत ब्युटेनचा दाब उतरतो आणि सकाळी ज्योत मरतुकडी येते, म्हणून कॅन अंगाच्या उबेत ठेवायचा. गिर्यारोहक खरोखरच असं करतात. पण त्यांच्या शेजारी बहुधा त्यांची बायको नसते.

सकाळी सहाला जाळी वाजली.

पहिला प्रयोग काटकीचा. ब्रेडच्या कडेला काटकी टोचून तो विस्तवासमोर धरायचा. चित्रात हे छान दिसतं. प्रत्यक्षात ब्रेड गरम झाला की मऊ पडतो, भोक मोठं होत जातं, आणि एका बाजूला नेमका सोनेरी रंग चढतो त्याच क्षणी तो काटकीवरून सुटून राखेत पडतो. टोस्टकर तो उचलून फुंकतात आणि म्हणतात, ‘राख निर्जंतुक असते.’ निर्जंतुक टोस्ट मला देण्यात आला.

दुसरा प्रयोग तव्याचा. हा त्यांनी स्वतःच रद्द केला. तव्यावर ब्रेड जिथे टेकतो तिथे करपतो, जिथे टेकत नाही तिथे पांढरा राहतो. तूप-लोणी लावलं तर सगळीकडे रंग येतो, पण मग तो तळलेला झाला. टोस्टकरांच्या शास्त्रात भाजणं, शेकणं आणि तळणं ही तीन वेगळी घराणी आहेत. त्यांच्यात विवाह चालत नाही. सँडविचवाल्याकडचा लांब दांड्यांचा चिमटा-टोस्टर कोणीतरी आणला होता, त्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ‘त्यात कोंडून वाफवतात,’ एवढंच म्हणाले.

तिसरा प्रयोग गॅस आणि जाळीचा. वारा सुटला होता. ज्योत आडवी पडून ब्रेडऐवजी टोस्टकरांचा हात भाजत होती. तेव्हा ते स्टोव्ह उचलून तंबूत शिरले. इथे मात्र आम्ही सगळे एकदम ओरडलो आणि मी त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणं म्हणजे गंमत नव्हे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोप आली असं समजून आडवा होतो आणि उठतच नाही. हे ज्ञान टोस्टकरांकडे माझ्यापेक्षा जास्त होतं. पण एका बाजूने भाजलेली स्लाइस हातात असली की माणसाचं शहाणपण थोडं मागे राहतं.

आठ वाजले होते. मुलांनी आदल्या रात्रीची भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाऊन टाकली होती. टोस्टकर जाळी घेऊन वरच्या घराकडे गेले. मागोमाग मीही गेलो, कारण असं काही चुकवायचं नसतं.

अंगणातल्या चुलीवर मावशी नागलीच्या भाकरी करत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली, चुलीच्या तोंडाशी निखारे पुढे ओढले आणि त्यांच्या समोर भाकरी उभी टेकवून ठेवली. पुढची भाकरी थापून होईपर्यंत ती टम्म फुगली. मावशींनी बघितलंही नाही, हात गेला आणि भाकरी फिरली.

टोस्टकर जागच्या जागी खिळले. ‘बघितलंस?’ माझ्या कानात म्हणाले. ‘ज्वाळा नाही, नुसती धग. उभा धरायचा, टेकवायचा नाही. टोस्टरमध्ये तारा लाल होतात ना, अगदी तेच.’ मग ते मावशींसमोर उकिडवे बसले आणि इन्फ्रारेड किरणांबद्दल सांगू लागले. मावशी ‘हां’ म्हणत होत्या आणि दर वेळी सरपण आत ढकलण्यासाठी त्यांना थोडं बाजूला व्हायला लावत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी ब्रेडची स्लाइस हातात घेऊन उलटसुलट केली.

‘हा भट्टीत भाजूनच येतो ना, दादा?’

‘हो.’

‘मग परत का भाजायचा?’

टोस्टकरांनी मायारपासून सुरुवात केली. ओल, एकशे चाळीस अंश, खरपूसपणा, सगळं शांतपणे समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं.

‘मंग पहिल्यांदाच नीट भाजायला सांगायचा.’

यावर मायारकडेही उत्तर असेल असं मला वाटत नाही. मावशींनी आत जाऊन पोरांसाठी आणून ठेवलेला एक पुडा आणला आणि म्हणाल्या, ‘टोस्ट पायजे ना? हा घ्या. चहा टाकते.’ तो तोच पुडा होता, घोटीच्या काउंटरवरचा. एव्हाना बाकीचेही वर आले होते. आम्ही तिथेच अंगणात बसून चहात बुडवून टोस्ट खाल्ले. माझा अर्धा तळाशी गेला.

टोस्टकरांनी खाल्ला नाही. मावशींच्या भाकरी संपेपर्यंत ते थांबले. मग चूल शांत झाल्यावर परवानगी मागून निखारे पुढे ओढले, दोन विटांवर जाळी उभी केली आणि तिला स्लाइस टेकवली. आणि ते बोलायचे थांबले. या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. बँकेत, लग्नांत, लोकलमध्ये, कुठेही मी त्यांना दहा मिनिटं गप्प बघितलेलं नाही. आता ते बोटाच्या टोकाने स्लाइसची कड चाचपत होते, वास घेत होते, जाळी नखाएवढी मागेपुढे करत होते. पांढऱ्यावर आधी गव्हाळ रंग आला, मग कडेकडेने तांबूस. धुराची एक रेघ नाही, एक काळा डाग नाही. त्यांनी ती उचलून नखाने टकटक वाजवली.

साडेदहा वाजता चौदा माणसांत दोन टोस्ट झाले. लोणी लावून, चौकोनी तुकडे करून, प्रसादासारखे प्रत्येकाच्या तळहातावर ठेवण्यात आले. माझ्या वाट्याला कोपरा आला. खोटं कशाला बोलू, फार चांगला होता. वहिनींनी आपला तुकडा खाऊन बोटं पुसली आणि म्हणाल्या, ‘आता आंघोळीला पाणी तापवणार आहात का, की त्यालाही रंग यायची वाट बघायची?’

मावशींनीही एक तुकडा खाल्ला. ‘कुरकुरीत झालाय,’ म्हणाल्या. थोडं थांबून, ‘भाकरीच्या कडेवाणी.’ एखादी पदवी मिळावी तसे टोस्टकर ताठ झाले. डोंबिवलीला परतेपर्यंत हे वाक्य आम्ही सहा वेळा ऐकलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस. बोलता बोलता लाईट गेली. सगळ्या बिल्डिंगमधून ‘गेलीऽऽ’ असा एक सूर निघाला, मुलं मोबाईलचे दिवे लावून भिंतीवर सावल्या करू लागली, वहिनी इन्व्हर्टरवाल्याच्या नावाने काहीतरी पुटपुटल्या. अंधारात टोस्टकरांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या खिळ्यावरून काहीतरी निघालं आणि ओट्याला लागून किणकिणलं.

‘अहो,’ वहिनी म्हणाल्या, ‘गॅसला लाईट लागत नाही. मी पोहे टाकतेय.’

‘टाक ना,’ आतून आवाज आला. ‘पण ब्रेड कालचा आहे का?’