‘आजी को-ऑपरेट करत नाहीत’

फाइलमध्ये रोज तेच वाक्य होतं: पेशंट सहकार्य करत नाही. पेशंट म्हणजे माझी आत्या, वय 79. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन उत्तम झालं आणि पुन्हा चालतं करण्यासाठी तिला पुण्यातल्या एका रिहॅब सेंटरमध्ये ठेवलं. तिचं कानाचं मशीन कॉटशेजारच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं, सेल संपलेला. फिजिओथेरपिस्ट पायथ्याशी उभा राहून सूचना द्यायचा, तिला त्या ऐकूच यायच्या नाहीत. मग तो पुढच्या कॉटकडे वळायचा आणि सिस्टर फाइलमध्ये लिहायची, सहकार्य करत नाही.

म्हाताऱ्या माणसाच्या फाइलवर हे वाक्य एकदा चढलं की बाकीचं सगळं आपोआप घडतं. सहकार्य नाही म्हणून उठवत नाहीत. उठवत नाहीत म्हणून पाय लुळे पडतात. पाय लुळे पडले की सांगतात, आता वयच झालंय, फार अपेक्षा ठेवू नका.

वयाला दोष देण्याआधी पलंगाला द्या. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधलं जवळपास एक किलो मांस झडलं. ही आजार नसलेली माणसं होती. म्हणून तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2011 पासूनची मार्गदर्शिका सांगते की खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी पेशंटला उभं करा, काही वैद्यकीय अडचण असेल तरच थांबा. आणि आपण चालायला शिकवण्याचे पैसे रोजच्या रोज मोजून माणसाला झोपवून ठेवतो.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती डायपरची. आत्याला लघवीची जाणीव नीट होती, ती आधी सांगत होती. उत्तर मिळायचं, “डायपर बांधलाय ना आजी, त्यातच करा.” आयुष्यभर दुसऱ्यांची उष्टी-खरकटी काढलेल्या बाईला भर दिवसा, शुद्धीवर असताना, अंथरुणात लघवी करायला लावणं हा अपमान आहे. तिनं त्यावर साधा उपाय काढला. पाणी पिणं सोडलं. मग लघवीचा जंतुसंसर्ग, मग ताप, मग गुंगी. आणि नवी नोंद: पेशंट गोंधळलेला, वयोमानानुसार.

इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. काल नीट बोलणारं म्हातारं माणूस आज अचानक बरळायला लागलं किंवा अचानक गप्प गप्प, झोपाळलेलं झालं, तर ते वय नव्हे. वय असं एका रात्रीत येत नाही. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. त्यामागे संसर्ग असतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पोट साफ झालेलं नसतं, लघवी तुंबलेली असते, दुखणं दाबलं गेलेलं नसतं किंवा एखादी नवी गोळी सुरू झालेली असते. त्याच दिवशी डॉक्टरनं तपासायला हवं. यातला गप्प राहणारा प्रकार जास्त फसवा, कारण गप्प पेशंटचा कुणालाच त्रास होत नाही. म्हणून विचारा: रात्री झोपेची गोळी देताय का? कुठली? कुणी लिहून दिली? कधी बंद करणार? चष्मा आणि कानाचं मशीन अंगावर आहे का, हाही वैद्यकीय प्रश्नच आहे.

आत्याच्या टाचेवर लाली दिसली, तेव्हा सांगण्यात आलं की हवेची गादी लावली आहे, काळजी नको. हवेची गादी कूस बदलत नाही. जागचं हलता न येणाऱ्या पेशंटला साधारण दर दोन तासांनी वळवायचं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यायची, माकडहाड रोज उघडं करून पाहायचं, ही शुश्रूषेची पहिली इयत्ता आहे. बोटानं दाबल्यावर फिकी न पडणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. पांघरूण बाजूला करून हे नातेवाइकालाही पाहता येतं. पाहा. लाजू नका.

आता घरच्यांचं. आत्याची मुलगी बंगळूरला असते. मी बोलायचं ठरवलं तर ती फोनवर रडायला लागली. “दादा, तू काही बोलू नकोस. आपण निघून आल्यावर सगळा राग आईवर काढतील.” ही भीती खोटी नाही. आपलं माणूस त्यांच्या ताब्यात असतं, दार बंद असतं, आणि भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सात. पण मी तिला सांगितलं तेच इथे लिहितो. आपण गप्प बसलो म्हणून आत्याची टाच बरी होणार नव्हती. हेळसांड नेहमी त्या कॉटवर सरकते, जिच्याबद्दल विचारणारं कुणी नसतं. विचारणारं माणूस आहे हे त्यांना कळलं पाहिजे, आणि रोज कळलं पाहिजे.

मात्र राग मावशींवर काढू नका. मामा-मावशी ठेकेदाराकडून आलेले असतात, 12-12 तास उभे असतात. रात्री अख्ख्या मजल्याला एक मावशी ठेवली तर ती दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस कशी बदलणार? हा हिशेब तिनं केलेला नाही, मालकानं केला आहे. प्रश्न त्याला विचारायचा.

आणि प्रश्न नेमका विचारायचा. “जरा नीट लक्ष द्या हो” या विनंतीला “हो हो काका, देतो ना” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी लिहून विचारा: आज फिजिओ किती वाजता आला, किती वेळ थांबला, पेशंट किती पावलं चालली? या आठवड्याचं उद्दिष्ट काय? शेवटचं वजन कधी केलं, किती भरलं? डॉक्टर, फिजिओ आणि सिस्टर एकत्र कधी भेटतील? पॅसेजमध्ये तोंडी बोललेलं हवेत जातं. मॅनेजरला पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज तारीख-वेळेसह राहतो.

त्याही आधी पेशंटला विचारा. आम्ही सगळे आत्याच्या उशाशी उभे राहून तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. कानाच्या मशीनमध्ये नवा सेल घातल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, “मला संडासला स्वतःच्या पायांनी जायचंय.” उपचाराचं उद्दिष्ट तिनंच एका वाक्यात सांगून टाकलं. ते फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कायदा आपल्या बाजूनं बराच आहे. महाराष्ट्रात 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा, अशी त्याची व्याख्या आहे. दारावर ‘रिहॅब’ लिहा की ‘केअर सेंटर’, तिथे हेच चालत असेल तर नोंदणीचा क्रमांक विचारा. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद केली. केसपेपर मागितल्यावर 72 तासांत दिले पाहिजेत, हे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच आहे. बिलाचा वाद आहे म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलं आहे. त्या तक्रारीची मुदत दोन वर्षं. आणि कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

पण कागद स्वतःच्या पायांनी सेंटरमध्ये जात नाही. कुणीतरी तिथे गेलं पाहिजे. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या दुरवस्थेवर ओरड झाली, तेव्हा 1987 मध्ये त्यांनी केंद्रीय कायदा केला. तिथे प्रत्येक राज्यात एक ओम्बड्समन असतो. अशा केंद्रांत जाऊन राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकणं आणि त्यांच्या वतीनं भांडणं हेच त्याचं काम. तक्रार केली म्हणून रहिवाशावर सूड उगवता येणार नाही, हेही तिथल्या नियमांत लिहिलेलं आहे. माझ्या बहिणीची भीती त्यांनी नियमात लिहून काढली आहे. तिथेही वाईट केंद्रं आहेत. पण फोन कुणाला करायचा हे तिथल्या माणसाला माहीत असतं.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलांकडून पोटगी मिळवून देण्यासाठी आहे. ज्येष्ठांची काळजी घेणारी केंद्रं आणि घरी माणसं पाठवणाऱ्या संस्था यांची नोंदणी करण्याची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही. दरम्यान शहराच्या प्रत्येक उपनगरात अशी सेंटरं उघडली आहेत, कारण मुलं परगावी आहेत, फ्लॅट लहान आहेत आणि हॉस्पिटलला कॉट रिकामी हवी असते.

आत्याला आम्ही घरी आणलं. वॉकर धरून ती संडासापर्यंत जाते. पण तिच्या समोरच्या कॉटवर एक आजोबा होते, अर्धांगवायूचे, बोलणं गेलेलं. त्यांच्याकडे कुणी आलेलं आम्ही पाहिलं नाही. म्हणून आमच्या तक्रारीत आम्ही आत्याच्या टाचेबरोबर त्या मजल्यावरच्या रात्रपाळीबद्दलही लिहिलं. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे एकच मागणी आहे. तपासणीला सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून जाऊ नका. रात्री दोनला जा. मजल्यावर पेशंट किती आणि जागी माणसं किती ते मोजा, आणि तो आकडा सेंटरच्या दारावर लावा.