डोळ्यांवरचं कातडं

आमचे मेहुणे पुढच्या महिन्यात मुलाकडे न्यू जर्सीला निघालेत, सहा महिन्यांसाठी. भाजणी, मेतकूट, रक्तदाबाच्या गोळ्या सगळं बांधून झालं. राहिलंय ते एकच, सकाळी फिरायला जाण्याचं प्रशिक्षण.

हसू नका. २०१५च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावी, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा मुलाच्या वस्तीत सकाळी चालत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस हिंडतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येईना. एकाने त्यांचे हात मागे धरून त्यांना जमिनीवर असं आपटलं, की अंग लुळं पडलं. आपल्या वधूवर मंडळांना निमगोरा, गव्हाळ, सावळा अशा डझनभर छटा कळतात. तिथल्या फोनवर दोनच रंग.

या नजरेवर आता इलाज निघालाय, व्हीआर म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या चष्म्याचा. पोलिसाने तो चढवायचा, आधी समोरच्या माणसाच्या अंगात शिरायचं, मग पोलीस होऊन तोच प्रसंग हाताळायचा. परकायाप्रवेशाला आपल्याकडे योगसाधना लागायची. तिथे चार्जर लागतो. शिकागोच्या पोलिसांनी २०१९ मध्ये हे सुरू केलं, स्वमग्न आणि स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या प्रसंगांपासून. वर्णद्वेषावरही हाच काढा लागू पडेल, अशी उत्साही मंडळींना आशा आहे. चष्मा विकते अ‍ॅक्सॉन कंपनी. २०१७ पर्यंत तिचं नाव टेसर होतं, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार बनवणारी तीच. पोलिसांच्या छातीवरचा कॅमेराही तिचाच. सुरी, मलमपट्टी आणि करुणेची पोथी, सगळं एकाच दुकानात. शिवाय त्याच चष्म्यात टेसर चालवायचा सरावही होतो. जागा वाया कशाला घालवा?

क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली तामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत होता. पोलिसांची गाडी आल्यापासून गोळी सुटेपर्यंत दोन सेकंदही गेले नाहीत. एवढ्या वेळात चष्म्याचा पट्टासुद्धा आवळून होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सुप्त पूर्वग्रहांवर पोलिसांचे वर्ग झाले. २०२०च्या अहवालात निघालं काय? वर्ग अनेकांना उपयोगी वाटला, रस्त्यावरच्या वागण्यात मात्र म्हणावा असा फरक नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्याला वरून चष्मा चढवल्यावर आणखी काय होणार!

आणि प्रशिक्षण कमी पडतं, हे मला मुळातच पटत नाही. जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा दाबून बसलेला पोलीस डेरेक शॉव्हिन १९ वर्षं नोकरीत मुरलेला, नव्या पोलिसांना प्रत्यक्ष कामावर तयार करणारा. टेसर समजून पिस्तूल झाडून २० वर्षांच्या डॉन्टे राइटचा जीव घेणारी किम पॉटर २६ वर्षांच्या अनुभवाची. त्या दिवशीही एका नवख्याला शिकवत होती. आणि आजोबांना आपटणारा? त्याच्याही सोबत शिकाऊ पोलीस होता. गुरुकुलच म्हणा ना.

तेव्हा मी पोलिसांचा नाद सोडून मेहुण्यांना शिकवायला घेतलंय. अभ्यासक्रम तयारच आहे. तिकडच्या काळ्या घरांत पोरगं हाताशी आलं की आईबाप त्याला समोर बसवून सांगतात, हात दिसतील असे ठेव, एकदम हलू नकोस, उलट बोलू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या हा वर्ग फुकट चालतो आणि दांडी मारायची सोय नाही. खिशाचा धडा सगळ्यात महत्त्वाचा. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये अमादू डियालोच्या हातात पैशाचं पाकीट होतं, चौघा पोलिसांना पिस्तूल दिसलं, आणि ४१ गोळ्या सुटल्या.

मेहुण्यांना नेमकी एक खोड आहे. कुणी काही विचारलं की ते आधी चष्मा काढून डोळ्यांवर चढवतात, त्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही. काल सोसायटीच्या रखवालदाराला पोलीस केलं. तो मागून "थांबा!" म्हणून ओरडला, आणि मेहुण्यांचा हात गेलाच खिशाकडे.